पलंगाच्या खांबाचा क्यू

मुलांनो, एक पलंग मनात आणा. जुना, शिसवी, चारही कोपऱ्यांना मच्छरदाणी बांधायचे उंच खांब असलेला. आता त्यातला एक खांब करवतीने कापून काढा. उरले तीन. मच्छरदाणीचा चौथा कोपरा बांधायला जागा राहिली नाही म्हणून तो खिडकीच्या गजाला बांधा. झालं? आता त्या पलंगावर थेरेसाबाईंना निजायला पाठवा आणि त्यांचा चेहरा कसा झाला असेल, तोही मनात आणा. तो नीट डोळ्यांपुढे आला, की पुढची गोष्ट कळायला काहीच अडचण नाही.

खांब कापला होता थेरेसाबाईंच्या यजमानांनी, निकोलसदादांनी. वसईच्या पश्चिमेला वटार नावाचं गाव आहे, तिथले ते. वय सत्तरच्या पुढे. उमेदीची वर्षं जहाजावर गेली आणि तिथेच ते पूल नावाचा खेळ शिकले. हिरव्या कापडाचं मोठं टेबल, कडेला सहा भोकं आणि रंगीत गोळे. लांब काठीने पांढऱ्या गोळ्याला टोचायचं आणि त्याच्याकडून बाकीचे गोळे भोकात घालवायचे. त्या काठीला क्यू म्हणतात. गावच्या जिमखान्यात असं एक टेबल होतं आणि दर मे महिन्यात, क्रूसाच्या सणाला, तिथे सामने भरत. सलग दोन वर्षं शेवटच्या सामन्यात शेजारच्या आळीतल्या सॅन्टनने निकोलसदादांना हरवलं होतं, आणि दोन्ही वर्षं निकोलसदादांनी जिमखान्याच्या वाकड्या काठ्यांना दोष दिला होता. २००२ साली त्यांनी ठरवलं, आता आपली स्वतःची काठी करून घ्यायची. साठ वर्षं वाळलेलं, सरळ रेषांचं शिसव घरातच उभं होतं. त्याला फक्त मच्छरदाणी बांधलेली होती.

"आणि या वेळी हरलात तर?" थेरेसाबाईंनी विचारलं. "दोष पलंगाला देणार?"

त्यांनी हेही बजावलं, की दुसऱ्या खांबाला हात लागला तर स्वयंपाकघराचं दार आतून बंद होईल. वटारच्या डासांची ज्यांना ओळख आहे, त्यांना यात काही जास्त वाटणार नाही.

तर तो एकुलता एक खांब सोमवारी सकाळी प्लासिड आजोबांच्या शेडमध्ये आला. प्लासिड आजोबा सत्तावीस वर्षं मुंबईच्या एका कारखान्यात टर्नर होते. टर्नर म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर. लेथ धातूचा तुकडा गरागरा फिरवतो आणि टर्नर त्याला धारदार टूल लावून हव्या त्या मापाला आणतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना लेथ विकत घेतला आणि घरामागच्या केळीच्या वाडीला लागून पत्र्याची शेड घातली. सत्तावीस वर्षांत आपला एकही जॉब, म्हणजे कातून दिलेली वस्तू, परत आला नाही, हे ते सांगत. एकदा सांगून थांबत नसत.

क्यू दोन भागांत करायचा ठरला. पुढचा निमुळता अर्धा भाग जिमखान्याच्या एका मोडक्या पण सरळ क्यूचा घ्यायचा आणि मागचा जाड भाग शिसवाचा. दोन्हीच्या मध्ये पितळी कॉलर, म्हणजे लाकडाच्या टोकावर चढणारी आखूड नळी, आणि फिरवून आवळायचा आट्यांचा जोड. एकूण लांबी अठ्ठावन्न इंच. प्लासिड आजोबांनी कागदावर आकृती काढली, मापं घातली, आणि निकोलसदादांना सांगितलं की गुरुवारी या आणि घेऊन जा.

शेडमध्ये आणखी एक माणूस होतं. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटी या वसाहतीतून सुट्टीला आलेली त्यांची नात, ॲंजेला. वय वर्षं दहा. आजोबांचा जुना चष्मा तिने डोळ्यांवर चढवला होता, तो नाकावरून घसरू नये म्हणून मागून दोरीने बांधला होता, आणि उलट्या टाकलेल्या खोक्यावर बसून ती प्रत्येक गोष्टीबद्दल एक प्रश्न विचारत होती. या घरातली माणसं आपसात आपली गावची बोली बोलत. इथे त्यांचं बोलणं सगळ्यांना कळेल असं दिलं आहे.

मंगळवारी खांब लेथवर चढला. आता इथे जरा लक्ष द्या, कारण चूक इथेच झाली आणि ती होताना फार छान दिसत होती. लोखंड कातताना ते तापतं. म्हणून त्यावर तेल मिसळलेलं, दुधासारखं पांढरं पाणी सोडत राहतात. सत्तावीस वर्षं प्लासिड आजोबांचा उजवा हात टूल पुढे सरकवत आला होता आणि डावा हात डब्यातल्या ब्रशने पांढरं पाणी लावत आला होता. आज जॉब लाकडाचा आहे, हे आजोबांना माहीत होतं. डाव्या हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

"आजोबा, लाकूड तापतं का?" ॲंजेलाने विचारलं.

"तसं नाही तापत."

"मग त्याला पाणी कशाला लावताय?"

आजोबांनी काम करताना बोलू नये असं सांगितलं आणि सबंध सकाळ लाकडाला पाणी पाजत राहिले. पितळी कॉलर जिथे बसायची, ते टोक त्यांनी मायक्रोमीटरने मोजमोजून कातलं. केसाच्या निम्म्याने जास्त वाटलं तर पुन्हा एक हलका कट घेतला. संध्याकाळी कॉलर हाताने दाबून बसवली तेव्हा ती अशी बसली, की जणू लाकडातूनच उगवली होती. त्यांनी बायकोला, बर्था आजींना, हाक मारून दाखवली. बर्था आजींनी हात पुसत पुसत पाहिली, छान आहे म्हणाल्या आणि भात करपेल म्हणून परत गेल्या.

बुधवारी सकाळी आजोबांनी क्यू उचलला आणि कॉलर आपली आपण घसरून फरशीवर पडली. टण्‌ असा आवाज झाला आणि ती गोल फिरत फिरत लेथखाली जाऊन बसली.

तुमच्या लक्षात आलंच असेल. भिजलेला चणा फुगतो. फुगलेल्या चण्याच्या मापाची डबी केली आणि चणा रात्रभर वाळला, तर सकाळी तो डबीत खुळखुळणारच. लाकूड ओलं असताना मापात होतं. वाळल्यावर ते आपल्या मूळ जागी गेलं, आणि वरचं जे कातून टाकलं होतं ते काही परत आलं नाही. लोखंडाच्या माणसाला ही सवय कुठून असणार? लोखंडाला पाणी लागलं म्हणून ते फुगत नाही.

ॲंजेलाने लेथखाली शिरून कॉलर काढून आणली. ती टोकावर घालून खुळखुळवून पाहिली. ते आजोबांना जास्त लागलं.

आता तुम्ही म्हणाल, निकोलसदादांना जाऊन सांगायचं. प्लासिड आजोबांनाही ते सुचलं. ते चप्पल घालून फाटकापर्यंत गेलेही. पण सांगायचं म्हणजे दुसरा खांब मागायचा आणि दुसरा खांब म्हणजे थेरेसाबाई. शिवाय सत्तावीस वर्षांत एकही जॉब परत आला नव्हता. ते फाटकाची कडी नीट बसते का ते पाहून परत आले.

पहिला उपाय दोऱ्याचा. बर्था आजींच्या शिवणाच्या डब्यातला दोरा टोकाला गुंडाळायचा, सरस लावायचा आणि वर कॉलर दाबायची. कॉलर घट्ट बसली, पण एका बाजूला कलून. त्यात पुढचा भाग जोडला तेव्हा क्यू मधोमध असा वळला, की तो कोपऱ्यापलीकडचाही गोळा मारू शकला असता. दोरा सोडवताना सरसाबरोबर लाकडाचे दोन पापुद्रेही निघाले.

दुसरा उपाय खरा कारागिराचा होता. बिघडलेलं टोकच कापून टाकायचं आणि मागच्या चांगल्या लाकडात नवीन टोक कातायचं. दीड इंच गेलं. या वेळी पांढऱ्या पाण्याचा डबा बाहेर केळीखाली ठेवला, तरी आजोबांचा डावा हात अधूनमधून हवेत ब्रश फिरवून येत होता. टोक कोरडं कातलं, कॉलर बसली. मग जोडाच्या खिळ्यासाठी मधोमध भोक पाडायचं होतं. लोखंडात ड्रिल तुम्ही पाठवाल तिकडे जातं. लाकडात त्याला रेषा भेटतात आणि ते त्यांच्याबरोबर निघून जातं. भोक सुरुवातीला बरोबर मधोमध होतं आणि शेवटाला सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाइतकं, बाजूला. टर्नर याला आउट म्हणतात. गुरुवारी ते टोकही कापलं. आणखी अडीच इंच गेलं.

त्याच संध्याकाळी निकोलसदादा ठरल्याप्रमाणे क्यू न्यायला आले. आजोबांनी जॉबवर गोणपाट टाकलं आणि पॉलिश ओलं आहे, वारा लागता कामा नये, असं काहीतरी सांगितलं. निकोलसदादांनी मोर्चा ॲंजेलाकडे वळवला.

"काय गं, किती राहिलंय?"

ॲंजेलाला खोटं बोलायची सवय नव्हती. "रोज थोडं थोडं कमी होतंय," ती म्हणाली.

"वा," निकोलसदादा म्हणाले आणि खूश होऊन गेले. जाताना त्यांनी आजोबांना सांगितलं, की घाई नाही, रविवारी सकाळी मिळाला तरी चालेल. सामना संध्याकाळी आहे.

शुक्रवारी तिसरं टोक कातलं गेलं आणि ते उत्तम झालं. भोक सरळ, कॉलर घट्ट, पुढचा भाग जोडून एक डोळा मिटून पाहिलं तर रेषेत रेष. फक्त क्यू चोपन्न इंचांचा झाला होता. आजोबांनी तीनदा मोजला. तिन्ही वेळा चोपन्न.

"पुढे कमी झालंय तर मागे वाढवू या," ॲंजेला म्हणाली. ती हे इतक्या सहज म्हणाली, की आजोबांनी लगेच मोजपट्टी क्यूच्या मागच्या टोकाला लावली.

मागे वाढवायचं, पण कशाने? तशाच रंगाचं, तसंच जुनं, वाळलेलं शिसव हवं. त्या घरात असं लाकूड एकच होतं आणि त्यावर बर्था आजींच्या आईच्या वेळेपासून पोळ्या लाटल्या गेल्या होत्या. लाटणं मागायला आजोबा स्वतः गेले नाहीत. त्यांनी ॲंजेलाला पाठवलं. बर्था आजींनी सगळी हकिकत तिच्याकडून ऐकून घेतली आणि लाटणं घेऊन स्वतः शेडमध्ये आल्या.

"हे घ्या," त्या म्हणाल्या. "आता कापायला उरलंय काय ते सांगा, म्हणजे खुर्च्या आत घेते."

आजोबांनी मान खाली घालून लाटणं घेतलं. मधला चांगला चार इंचांचा तुकडा कापला, कातला, मागे सरसाने चिकटवला आणि रात्रभर बांधून ठेवला. शनिवारी सकाळी दोरी सोडली, तर तुकडा हातात आला. दोन पिढ्यांचे तुपातेलाचे हात लागलेलं लाटणं. त्याच्या आत इतकं तेल मुरलेलं होतं, की सरस त्यावर नुसता बसून गेला होता, घराच्या पायरीवर पाहुणा बसतो तसा.

इथे मात्र प्लासिड आजोबांच्या चेहऱ्यावर बुधवारपासून पहिल्यांदा हसू आलं. सरस धरत नाही, तर आटे धरतील. आटे म्हणजे त्यांचा घरचा विषय. त्यांनी लोखंडाचा एक बोल्ट कातला, खऱ्या लोखंडाचा, केळीखालचं पांढरं पाणी आत आणून, दोन्ही हातांनी हवं ते करत. बोल्टचं एक टोक क्यूमध्ये कायमचं बसवलं आणि दुसऱ्यावर लाटण्याचा तुकडा फिरवून आवळला. शेवटचे आटे ॲंजेलाने आवळले. वर एक बारीक पितळी कडं सरकवलं, म्हणजे जोडाची रेघ दिसू नये. बोल्टच्या वजनाने क्यूचा तोलही छान साधला. अठ्ठावन्न इंच. पॉलिश केल्यावर तो इतका देखणा दिसू लागला, की बर्था आजींनी लाटण्याबद्दल बोलणं त्या दिवसापुरतं थांबवलं. दुपारच्या पोळ्या त्यांनी सरबताच्या बाटलीने लाटल्या.

ही दुरुस्ती कुणाला सांगायची नाही, असं ठरलं. म्हणजे आजोबांनी ठरवलं आणि इतर दोघींनी ऐकून घेतलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर निकोलसदादा आणि थेरेसाबाई दोघेही आले. निकोलसदादांनी क्यू हातात घेतला, गालाशी लावला, खिडकीकडे धरून पाहिला आणि पुन्हा गालाशी लावला. थेरेसाबाईंनी मात्र त्यावरून बोट फिरवत फिरवत शेवटी ते कड्याच्या मागे आणून थांबवलं.

"हा एवढा भाग आमच्या पलंगाचा वाटत नाही," त्या म्हणाल्या.

प्लासिड आजोबांना खोकला आला. बर्था आजींनी शांतपणे सांगितलं, की तिथे हात जास्त फिरलाय. ते शब्दशः खरं होतं.

संध्याकाळी जिमखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तसाही तिथे जागेचा प्रश्न होताच. ते टेबल कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातून आलं होतं आणि खोली टेबलाला विचारून बांधलेली नव्हती. एका बाजूला टेबल आणि भिंत यांच्यात जेमतेम एक माणूस मावे. त्या भिंतीला दोन खिडक्या होत्या. खेळणारे खिडकी उघडून क्यूचं मागचं टोक बाहेर काढत आणि मग गोळा मारत. बाहेरून जाणाऱ्यांना याची सवय झाली होती, ते वाकून जात. दोन खिडक्यांच्या मध्ये मात्र सिमेंटचा खांब होता. गोळा खांबासमोर आला, की खेळाडूचं नशीब फुटलं असं समजत आणि पुढे चालू.

निकोलसदादा त्या दिवशी जहाजावर असल्यासारखे खेळले. सॅन्टनही काही कमी नव्हता. दोघांचे बाकीचे गोळे संपले आणि शेवटचा काळा गोळा समोरच्या भोकाच्या तोंडाशी उभा राहिला. तो घालवेल तो जिंकणार. नुसता धक्का पुरला असता. पाळी निकोलसदादांची. पांढरा गोळा मात्र गडगडत येऊन कडेला टेकला, बरोबर खांबासमोर.

निकोलसदादांनी क्यू टेकवला. मागचं टोक खांबाला लागलं. मागे ओढायला बोटभर जागा नाही. त्यांनी उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, क्यू उभा धरून पाहिला. सॅन्टनने एक खुर्ची ओढून घेतली आणि कुणाला तरी लिंबूपाणी आणायला सांगितलं. थेरेसाबाई दाराशी उभ्या होत्या. पुढचं वर्षभर घरात कशाकशाला दोष दिला जाईल, याचा त्या बहुधा हिशेब करत होत्या.

प्लासिड आजोबांना उत्तर माहीत होतं. चार इंच. मागचा तुकडा फिरवून काढला, की चार इंच जागा मिळणार होती आणि तेवढी पुरली असती. पण ते सांगायचं म्हणजे सबंध गावासमोर सांगायचं, की हा क्यू अखंड नाही, ठिगळ लावलेला आहे. ते छताच्या पंख्याकडे पाहू लागले. ॲंजेला त्यांच्याकडे पाहू लागली. त्यांनी पंख्याकडे आणखी लक्ष देऊन पाहिलं.

मग ॲंजेला उठली. माणसांच्या कोपरांखालून वाट काढत ती टेबलापाशी गेली, निकोलसदादांच्या हातातल्या क्यूचं मागचं टोक धरलं आणि ते फिरवायला लागली. एक आटा, दोन आटे, सहा आटे. तुकडा तिच्या हातात आला.

"आता मारा, निकोलस आजोबा," ती म्हणाली.

निकोलसदादा तिच्या हातातल्या तुकड्याकडे पाहत राहिले, मग आपल्या हातातल्या क्यूकडे. सॅन्टनने खुर्चीतूनच हरकत घेतली, की खेळ चालू असताना काठी मोडायची ही कुठली पद्धत. पंच म्हणून जिमखान्याचा सेक्रेटरी स्टीवन होता. त्याने तुकडा मागून घेतला, आटे पाहिले, कडं पाहिलं, आणि सांगितलं की परदेशी महागड्या क्यूंना असाच मागचा भाग निघतो, ते त्याने टीव्हीवर पाहिलंय, हरकत नाही.

निकोलसदादांनी क्यू टेकवला. मागे चार बोटं मोकळी होती. काळा गोळा भोकात पडल्याचा आवाज फारसा मोठा नव्हता, पण तो सगळ्यांना ऐकू आला.

त्यानंतर जो गलका झाला त्यात निकोलसदादा गर्दी बाजूला सारत प्लासिड आजोबांपाशी आले आणि त्यांचे दोन्ही खांदे धरले. "त्या सिमेंटच्या खांबासाठी केलंस ना हे? आणि मला बोलला नाहीस?"

आता बघा, हो म्हणणं किती सोपं होतं. प्लासिड आजोबांनी एकदा ॲंजेलाकडे पाहिलं आणि नाही म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. पांढरं पाणी, पडलेली कॉलर, दोरा, भरकटलेलं ड्रिल, लाटणं, न धरलेला सरस. काहीही वगळलं नाही. सत्तावीस वर्षांत पहिलाच जॉब बिघडला, हेही सांगितलं. आजोबा संपवून थांबले.

"नसेल सांगायचं तर नका सांगू," सॅन्टन म्हणाला. "कारागीर आपली युक्ती सांगत नसतो, हे मला कळतं. पण लाटणं वगैरे काय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढा मोठा कारागीर आणि बोलणं किती साधं, असं दोघातिघांनी म्हटलंसुद्धा. प्लासिड आजोबांनी पुन्हा सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितका त्यांचा मान वाढत चालला, तेव्हा त्यांनी नाद सोडला. सॅन्टनने त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की आपल्याकडेही वडिलांच्या वेळचा खांबांचा पलंग आहे. ते त्याची बायको क्लेमेंटीन हिने दाराशी ऐकलं आणि ती लगेच घराकडे निघाली.

निकोलसदादांनी क्यू ॲंजेलाच्या हातात दिला. आज पहिला मान तिचा, तिने एक गोळा मारून दाखवावा, असं त्यांनी जाहीर केलं. लोकांनी टेबलाभोवती जागा केली. कुणीतरी पांढरा गोळा मधोमध आणून ठेवला. स्टीवनने तिच्यासाठी स्टूल आणलं.

ॲंजेला स्टुलावर चढली. तिने चष्म्याची दोरी आवळली. पांढरा गोळा उचलून बाजूला ठेवला आणि क्यू हिरव्या कापडावर आडवा ठेवला. मग हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवून, एक डोळा मिटून, तळहाताने तो हळूहळू लोळवला. पुढे लोळवला, मागे आणला, पुन्हा लोळवला.

"आजोबा," ती म्हणाली, "कॉलरपाशी अजून पाव सूत आउट आहे."

"अगं, राहू दे," निकोलसदादा म्हणाले. "मी जिंकलोय त्याने."

"जिंकलात ना, पण आउट आहे," ॲंजेला म्हणाली. तिने स्टुलावरून उडी मारली, क्यू काखेत घेतला आणि कुणाचीही वाट न पाहता शेडच्या दिशेने चालू लागली.